घरी शेवटचं गेल्याची तारीख

आवृत्ती ०.१ (कच्ची)

भार्गवीचं काम म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याचं काम बघणं. कार्डावर बिझनेस अ‍ॅनालिस्ट असं छापलेलं होतं, पण ते म्हणजे काय, हे तिला चार वर्षांत सासरच्या एकालाही समजावता आलं नव्हतं. शेवटी राजसनंच, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सोपं करून टाकलं. "ती विचारते," तो पाहुण्यांना सांगायचा. "माणूस जे करतो ते का करतो, हे विचारून लिहून काढते. मग त्यावरून दुसरे लोक सॉफ्टवेअर बनवतात."

राजस पुण्यात, ती बंगळूरला. दुर्बिणींची भिंगं घासायचं काम. ते घरून होत नाही आणि बंगळूरहून तर होतच नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातले एका छपराखालचे दिवस दोनशे अकरा. भार्गवीनं त्याची एक्सेल शीट केली होती. राजसला दाखवली नव्हती.

तर जूनमध्ये ती बनशंकरीहून मेट्रोत बसून रोज यशवंतपूरला जायला लागली. तिथं एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस होतं, ऑफिसात एक टेबल, आणि टेबलामागे आप्पाजी. आप्पाजी मूळचे निपाणीकडचे, चाळीस वर्षं चामराजपेटेत राहिलेले. कुठल्या ड्रायव्हरला कुठली फेरी द्यायची हे ते ठरवत. त्यांच्या पाठीमागे एक फळी होती, फळीवर खिळे, आणि खिळ्यांवर चौऱ्याहत्तर ड्रायव्हरांचे पत्र्याचे बिल्ले. फेरीवरून परतलेला माणूस आपला बिल्ला शेवटच्या खिळ्याला अडकवायचा. पुढचे बिल्ले सरकत सरकत पहिल्या खिळ्यावर यायचे. पहिला बिल्ला, पहिली फेरी. असा नियम.

"नियम सोपाय की," आप्पाजी म्हणाले. "त्याला कॉम्प्युटर कशाला, अक्का?"

"तुम्ही सुट्टीवर गेलात तर?"

"मी कुठं जातोय?"

त्यांना दिवसभर मराठी बोलायला माणूस मिळाला होता आणि तिलाही. तिचं मराठी उरलं होतं ते फोनपुरतं. सकाळी अकराला आप्पाजींनी "च्या घेणार न्हवं?" म्हटलं की ती नको असला तरी कप पुढे करायची.

आवृत्ती ०.४

ती प्लास्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक गोष्टीची वेळ टिपायची. ही तिची पद्धत. मालाची चिठ्ठी आली, इतके सेकंद. बिल्ला काढला, इतके सेकंद. फोन. सही. चहा.

निपाणीकडचाच ड्रायव्हर परसू आत आला की:

"काय परसू, कवा गेलतास घरला?"

"तीन आठवडं झालं, आप्पाजी."

"थोरली काय म्हणती?"

"दात पडला तिचा. फोटो आलाय. बघा की."

"आरं, हे तर खिंडारच. आणि म्हातारीचा गुडघा?"

"हाय तसाच. शिव्या देती गुडघ्याला."

मग हरी यायचा, त्यालाही तेच. मग कोलारकडचा कोणी, त्याला कन्नडमध्ये तेच. भार्गवीनं तिच्या तक्त्यात एक रकाना केला: *अनौपचारिक गप्पा. सरासरी चार मिनिटं. टाळता येण्याजोगा वेळ.*

तिला त्या गप्पा आवडायच्या, हे त्या रकान्यात मावण्यासारखं नव्हतं.

आवृत्ती १.० (मंजूर)

तीन आठवड्यांत एकशे चाळीस फेऱ्या वाटल्या गेल्या. त्यातल्या सेहेचाळीस वेळा आप्पाजींनी पहिला बिल्ला काढलाच नव्हता. कधी पाचवा काढला, कधी नववा. भार्गवीनं त्याचा लाल आलेख काढला आणि खाली लिहिलं: *एक तृतीयांश वाटप रांग मोडून. कारण नोंदवलेलं नाही. नव्या प्रणालीत ही विसंगती राहणार नाही.*

मालकांचा मुलगा अभिमन्यू आता कारभार बघत होता. त्याला तो आलेख इतका आवडला की त्यानं तो मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. मला वाटतच होतं, तो म्हणाला, आप्पाजींची लाडकी माणसं आहेत.

सॉफ्टवेअर बनवायला घेण्याआधी नियमाप्रमाणे तिच्या कागदावर तिघांच्या सह्या लागतात. कंपनीची, भार्गवीची, आणि जो ते काम करतो त्याची. बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. आप्पाजींनी चष्मा शोधला, सापडला नाही, पेन मात्र सापडलं.

"वाचून दाखवते ना मी," भार्गवी म्हणाली. "थोडक्यात."

"नको. तीन आठवडं शेजारी बसलीस. तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."

आणि त्यांनी प्रत्येक पानावर सही केली.

त्याच दुपारी रघुनंदनचा फोन आला. हा तिचा वरिष्ठ, हुबळीचा, आजोळ सांगलीचं, त्यामुळे चांगली बातमी तो मराठीत द्यायचा आणि वाईट इंग्रजीत.

"भार्गवी, बस खाली. पुण्याला एक जागा रिकामी होतेय. एक ऑगस्टला हजर व्हायचं. मी तुझं नाव टाकलंय. दोन वर्षं डोकं खाल्लंस माझं, आता तरी गप्प बसशील."

"खरंच?"

"एकच अट. हा प्रोजेक्ट तीस जुलैला बंद व्हायला हवा. वेळेत. मध्ये काही बदल-बिदल काढू नकोस."

राजसला सांगितलं तेव्हा फोनमागे यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली. मग तो म्हणाला, "कपाटाचा डावा भाग रिकामा करतो."

रविवारी त्याचा फोटोही आला. अर्धं कपाट, आणि त्यात सात रिकामे हँगर.

आवृत्ती १.० (चाचणी)

बारा जुलैला डेमो झाला. नव्या सॉफ्टवेअरला मागच्या महिन्याची माहिती दिली आणि त्यानं फेऱ्या कशा वाटल्या असत्या ते पडद्यावर दाखवलं. रांग कुठंही मोडली नव्हती. अभिमन्यूनं टाळ्या वाजवल्या. आवारातले पाच-सहा ड्रायव्हर दारात उभे राहून बघत होते. परसूनं आपलं नाव शोधलं.

"चेन्नई, चेन्नई, कोची, चेन्नई," त्यानं वाचलं. "अक्का, ह्यानं तर मला मद्राशीच करून टाकलं की."

सगळे हसले.

"मग घरी कधी जातोस तू?" भार्गवीनं सहज विचारलं.

"पुण्याची फेरी लागली की. निपाणी वाटेतच हाय. गाडी नाक्यावर लावायची, रात घरात काढायची, पहाटे निघायचं. आप्पाजी देतात की महिन्याला एक. सगळ्यांस्नी देतात. ज्येच्या घरावरनं जाती, त्येला."

भार्गवी आप्पाजींकडे वळली. ते फळीकडे तोंड करून एक बिल्ला उगाच सरळ करत होते.

"आप्पाजी, तुम्ही रांग मोडायचात ती यासाठी?"

"मोडतोय कुठं? जो जास्त दिवस घरला गेला न्हाई, तो पुढं. ही पण रांगच की."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं न्हाईस." मग ते वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं. "आणि मी रोज तुझ्यासमोरच विचारत होतो की, अक्का. कवा गेलतास घरला म्हणून. तू लिहून घेत होतीस. मला वाटलं, तेच लिहितीयास."

परिशिष्ट अ

तिनं जुना तक्ता उघडला. अनौपचारिक गप्पा. परसू, चार मिनिटं दहा सेकंद. हरी, तीन मिनिटं पन्नास. त्या सेहेचाळीस वाटपांशी त्या वेळा जुळवून बघायला तिला वीस मिनिटं लागली. ज्याच्याशी गप्पा लांबल्या, त्याचा बिल्ला त्या आठवड्यात रांग सोडून निघाला होता. बहुतेक प्रत्येक वेळी. सगळं टिपलेलं होतं, सेकंदासकट. फक्त ते काय बोलले, तेवढं नव्हतं.

दहा वर्षं लोकांना 'का' विचारून पोट भरलेल्या बाईनं एका माणसाला तीन आठवड्यांत ते एकदाही विचारलं नाही. त्याच्या भलेपणाचा लाल आलेख काढला. वर त्याच्याचकडून त्यावर सही घेतली.

आवृत्ती १.१ (प्रस्तावित)

बदल लिहायचा साचा ठरलेला असतो. अमुक म्हणून, मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल. तिसरा तुकडा लोक गाळतात. हाताखालच्यांना ती बजावायची, 'म्हणजे'च्या पुढचं लिहिलं नाही तर कागद परत न्या.

*ड्रायव्हर म्हणून, मला घरावरून जाणारी फेरी हवी, म्हणजे*

म्हणजे काय? म्हणजे घरी जाता येईल. पण ते तर आधीच लिहिलं. त्याच्या पुढे काय? परसू घरी कशासाठी जातो? पडलेला दात बघायला? दात तर फोटोत दिसला होता. ती चामराजपेटेकडे जाणाऱ्या बसगाड्या खिडकीतून बघत बसली. घरी जाण्याला पुढचा 'म्हणजे' नसतो बहुतेक. पण असं लिहिलेला कागद अभिमन्यू परत करणार, हेही तिला ठाऊक होतं. आप्पाजींच्या हाताखालून गेल्या अकरा वर्षांत दोनच ड्रायव्हर सोडून गेले होते. बाकीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे दरवर्षी निम्मे जातात, हे अभिमन्यूनंच तिला पहिल्या भेटीत सांगितलं होतं.

*म्हणजे मी ही नोकरी सोडणार नाही,* तिनं लिहिलं. खोटं नव्हतं ते.

मग खाली, स्वतःपुरतं:

*भार्गवी म्हणून, मला पुण्याची जागा हवी, म्हणजे*

हे खोडलं. बदलाला सात आठवडे लागणार होते. पुण्याची जागा सात आठवडे थांबणार नव्हती.

धोके

"Bhargavi, don't do this," रघुनंदन म्हणाला. इंग्रजीत. मग त्यालाच राहवलं नाही. "अगं, सही झालीय. चूक कुणालाही दिसलेली नाही. तू पुण्याला जा, मागनं कुणीतरी काढेल बदल."

"कोण काढेल?"

"कुणीतरी," तो पुन्हा म्हणाला.

"फळी काढून टाकणार आहेत, रघू. एकतीसला. आप्पाजींना निवृत्त करतायत. मग विचारायचं कुणाला?"

"मग पुण्याला तुझ्याऐवजी प्रमोदिनीचं नाव जाईल."

"जाऊ दे."

राजसला सांगणं जास्त कठीण होतं. तिनं जेवणाच्या सुट्टीत, गोदामामागच्या पिंपळाखाली उभं राहून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं.

"म्हणजे ड्रायव्हरांना घरी जाता यावं म्हणून तू घरी येणार नाहीस."

"हो."

"तुला तरी हे ऐकायला कसं वाटतं?"

"मीच लिहिलंय राजस ते चुकीचं. मीच."

"ते कळतंय गं. तू बरोबरच असशील. तू बरोबर असतेस तेव्हाच मी इकडे एकटा असतो." आणि मग, "हँगर तसेच ठेवतो."

तिला वाटत होतं, तो भांडेल. तो यंत्राकडे परत गेला. घरघर सुरू झाल्यावर तिनंच फोन ठेवला.

आवृत्ती १.१ (मंजूर)

अभिमन्यूनं दोन दिवस घेतले. चूक तुमची, तर ज्यादा दिवस तुमच्या कंपनीच्या खिशातून, असं त्यानं ठणकावलं, आणि तिची पदोन्नती या वर्षापुरती तरी गेली, हे रघुनंदननं तिला दुसऱ्या दिवशी कळवलं. पण आकड्यापुढे अभिमन्यू नमला. अकरा वर्षांत दोन. आप्पाजीही सप्टेंबरपर्यंत राहणार होते.

ड्रायव्हरच्या नोंदीत एक नवा रकाना आला. *घरी शेवटचं गेल्याची तारीख.* सक्तीचा. तो भरल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं. सॉफ्टवेअर 'कवा गेलतास' विचारणार नव्हतं, दाताचा फोटो बघणार नव्हतं, पण तारीख मोजणार होतं. भार्गवीला जमलं ते एवढंच.

शुक्रवारी ती चौऱ्याहत्तर नावांची यादी घेऊन आप्पाजींच्या टेबलाशी आली.

"सुरुवातीच्या तारखा भरायला लागतील. सोमवारपासून एकेकाला विचारते."

आप्पाजींनी यादी तिच्या हातातून काढून घेतली. ड्रॉवरमध्ये घातली. मग खुर्ची तिच्याकडे वळवून नीट बसले.

"तू कवा गेलतीस घरला?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तारीख पाठ होती. सतरा मे. पण निघालं ते वेगळंच. अर्धं कपाट, सात हँगर, भिंग घासून घासून राजसच्या बोटांना पडलेले घट्टे, डाव्या हाताच्या करंगळीला नाहीत फक्त, आणि तो भाजीत मीठ विसरतो आणि मग वरून घालतो ते तिला आवडत नाही, आणि ते तिनं सतरा मेपासून खाल्लेलं नाही. आप्पाजी ऐकत होते. मध्ये एक चिठ्ठी आली, ती त्यांनी हातानंच थांबवली. "स्वल्प इरु," चिठ्ठीवाल्याला म्हणाले. जरा थांब.

मग म्हणाले, "सोमवार-मंगळवार येऊ नकोस इथं. तारखा मी विचारतो. तसंही मीच विचारतोय चाळीस वर्षं."

"ते माझं काम आहे, आप्पाजी. अभिमन्यूला काय सांगू?"

"घरला जायची तुझी पाळी न्हाई, ठावं हाय मला. जा."

तिनं लॅपटॉप उघडला. रोजच्या वेळेचा तक्ता कंपनीला पाठवावा लागायचा. प्रत्येक तासापुढे कारण हवं. दोन दिवसांचे सोळा तास रिकामे दिसत होते.

"आणि इथं कारण काय लिहू?"

आप्पाजींनी खिळ्यावरून परसूचा बिल्ला काढला, तो पाचव्या जागेवर होता, आणि बाहेर त्याला हाक मारण्यासाठी उठता उठता म्हणाले,

"गप्पा लिही की."