उसन्या अकलेचा डबा

मित्रांनो, एक पडदा आणि त्याच्या पाठीला चिकटलेला चपटा डबा, एवढाच मी. लोक मला टर्मिनल म्हणतात. रक्ततपासणी केंद्राच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या पोटात स्वतःचं असं काहीच राहत नाही. रोज सकाळी बटण दाबलं की मी वायरीतून हाक मारतो, "माझा पत्ता काय? माझं काम कुठे मिळेल?" आतल्या खोलीतला सर्व्हर उत्तर देतो, तेव्हा कुठे मला शहाणपण येतं. खरी गोम इथेच आहे. जो आधी उत्तर देईल, त्याच्यावर मला विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच माझा स्वभाव संशयी झाला.

काउंटरवरच्या ताई मला फार जपतात. रोज संध्याकाळी नीट बंद करून माझ्यावर फडकं टाकतात. बाकीचे टर्मिनल रात्रंदिवस तसेच जागे असतात.

एका सकाळी मी हाक मारली आणि उत्तर फारच झटपट आलं. सर्व्हर म्हातारा, इतका चपळ तो कधीच नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. पत्ता मिळाला, पण "काम कुठे?" विचारल्यावर पलीकडे चिडीचूप. माझा पडदा काळा ठिक्कर पडला. रिपोर्ट न्यायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली.

"बाकीचे चालतात, मग ह्यालाच काय धाड भरलीय? भंगारात द्या!" हिशेबनीस काका सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. मॅनेजरांनीही मान डोलावली. मी पार हादरलो.

"थांबा हो, कालपर्यंत ठणठणीत होता," असं म्हणून ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो माझ्याहून संशयी. माझी वायर धरून टेबलांखालून रांगत निघाला तो थेट काकांच्या पायांशी पोहोचला. तिथे एक नवा डबा लुकलुकत होता. मोबाइलला इंटरनेट मिळावं म्हणून काकांनी घरचा राउटर आणून आमच्या वायरीत खुपसला होता.

"हाच भलते पत्ते वाटतोय," दुरुस्तीवाला म्हणाला. "बाकीचे रात्रभर चालूच होते, त्यांनी नव्याने पत्ता विचारलाच नाही. विचारला फक्त ह्याने."

म्हणजे ताई मला जपतात, म्हणूनच मी फसलो होतो! राउटर उपटल्यावर मी पुन्हा हाक मारली. म्हाताऱ्याचं उत्तर जुन्या संथ चालीने आलं आणि पडद्यावर उजेड पडला. मला रडूच यायचं बाकी होतं. काका मात्र खिडकीबाहेर बघण्यात गुंग होते.

त्या संध्याकाळी ताईंचं बोट बटणापाशी थबकलं. मग त्या वाकल्या, काकांच्या टेबलाखाली नीट बघून आल्या आणि नेहमीसारखं मला बंद केलं.

मित्रांनो, गप्प पडलेल्याला भंगारात काढण्याआधी त्याची वायर शेवटपर्यंत तपासा. उद्या सकाळी जो आधी उत्तर देईल, त्याचंच मला ऐकावं लागणार आहे. टेबलाखाली मला बघता येत नाही. तेवढं तुम्ही बघा.