मास्तरांनी कापलेल्या शेपट्या

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच संपला होता. तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, त्यामुळे त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणणं ओघानंच आलं. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मधे एक पडदा. त्या पडद्याच्या आरपार बाईंचा आवाज दिवसभर ये-जा करायचा. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की आतून फर्मान सुटायचं, "पोट आत ओढू नका म्हणावं. मग कोट घट्ट झाला म्हणून हेच परत येतात."

मग बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या होत्या. पण बाई घरी आल्या त्या दिवशी मास्तर पडद्याकडे कान लावून बसले ते बसलेच.

आता बाई खडूने बोलायच्या. कापड बेतायच्या टेबलावर काळं जाड कापड ताणून बसवलेलं होतं. त्यावर खुणा करायच्या चपट्या खडूने लिहायचं, मास्तरांनी वाचलं की तळव्याने पुसायचं. 'दूध संपलं.' पुसलं. 'बाही उलटी लावलीय.' पुसलं. मास्तर वाचायचे, मान डोलवायचे आणि निमूटपणे सांगितलं तसं करायचे. अख्ख्या संसारात त्यांनी बायकोचं एवढं कधी ऐकलं नव्हतं. पण ज्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही त्याच्याशी वाद काय घालायचा, असं त्यांना वाटे. स्वतःचा आवाजही त्यांनी इतका खाली आणला होता की गिऱ्हाइकं 'काय म्हणालात?' करत पुढे वाकायची.

एकच सुख उरलं होतं आणि ते दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ऑपरेशनच्या आधी मुलगी येऊन राहिली होती. तिने आपला फोन आईसमोर ठेवून तिचं बोलणं भरून घेतलं. बाईंनी आधी भाव खाल्ला. "काय बोलू? समोर कुणी नसताना बोलायला मी काय वेडी आहे?" मग बोलायला लागल्या आणि थांबेनात. शेजारणीचे किस्से, मुलीच्या लहानपणीचे प्रताप, मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावे कसे लावले त्याची साग्रसंगीत हकिकत. मुलीने ते सगळं कॉम्प्युटरवर घालून दिलं, कोटांच्या नि फ्रॉकच्या फोटोंच्याच फोल्डरमध्ये, आणि नांदायला आपल्या गावी निघून गेली.

बाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या की मास्तर आवाज बारीक करून, कान स्पीकरला टेकवून ऐकत. बाईंसमोर ऐकायची त्यांची छाती नव्हती. जिचा आवाज गेला तिच्यापुढे तोच आवाज लावून बसायचं, हे त्यांना जखमेवरची खपली काढल्यासारखं वाटे. म्हणून चोरून ऐकायचे. कधीकधी बाई चप्पल शोधत रेंगाळायच्या, तेव्हा मास्तरांना अगदी धीर धरवत नसे.

या सुखात माती कालवली ती मास्तरांनीच, स्वतःच्या हातांनी.

झालं असं की कुणा अनोळखी माणसाने कोटाचा नमुना म्हणून एक फाइल पाठवली. वर फोटोचं चित्र, खाली नाव 'कोट'. मास्तरांनी ती उघडायच्या आधी मुलीला फोन केला, हे नशीबच.

"थांबा बाबा, हात लावू नका," ती म्हणाली. "फाइलच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं, पुढे तीन-चार अक्षरं. फाइल कसली आहे ते त्यावरून कळतं. जेपीजी असेल तर फोटो, एमपी-थ्री असेल तर आवाज. ईएक्सई असेल तर तो प्रोग्राम, उघडला की आत काय धुमाकूळ घालेल सांगता येत नाही. तुमच्याकडे ती अक्षरं लपलेली आहेत. फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू'वर जा. 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दिसलं? तिथे बरोबरची खूण करा."

मास्तरांनी खूण केली आणि त्या साळसूद 'कोट'च्या मागून ईएक्सई निघालं. फाइल उडवली, मुलीने पाठ थोपटली, फोन ठेवला. इथेच थांबले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पण आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेका नावाला शेपटी लोंबत होती. शिवणकाम करणाऱ्याला लोंबता धागा दिसला की त्याची बोटं शिवशिवतात. मास्तरांनी तर एकदा बसमध्ये पुढच्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा धागा कातरीने उडवला होता आणि त्याबद्दल भर बसमध्ये बोलणी खाल्ली होती. त्यांनी विचार केला, खुणा बघून झाल्या, काम झालं. कपडा शिवून झाल्यावर खडूची खूण कुणी ठेवतं का? मग एकेका नावावर जाऊन त्यांनी टिंबासकट शेपटी कापली. कॉम्प्युटर दर वेळी इंग्रजीत काहीतरी विचारत होता. शेवट बदललात तर फाइल कदाचित उघडणार नाही, खरंच बदलायचा आहे का, असं तो विचारत होता, हे मास्तरांना फार उशिरा कळलं. त्यांनी दर वेळी 'येस' दाबलं. कॉम्प्युटरला नाही म्हटलं की तो अडून बसतो, असा त्यांचा अनुभव होता. शेवटी सगळी नावं कशी स्वच्छ, एका रेषेत दिसायला लागली. मास्तर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या. मास्तरांनी खुर्ची ओढली, 'आई किस्से' दाबलं, आणि कॉम्प्युटरने उलट त्यांनाच विचारलं की हे कशाने उघडू? त्यांनी 'आई सकाळ' दाबलं. तेच. फोटोसुद्धा पांढऱ्या कोऱ्या कागदांसारखे दिसत होते. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता; मुलीचा तो जुना फोन केव्हाच बिघडून गेला होता.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. मशीन चालवताना ते आवाज आठवायचा प्रयत्न करायचे. शब्द जसेच्या तसे आठवत. पोट आत ओढू नका, दोन्ही पाय डावे. पण ते शब्द मास्तरांच्याच आवाजात आठवत, बाईंचा आवाज काही केल्या येत नसे. बाई समोर बसून काज करत असायच्या, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ, आणि मास्तरांना त्यांची आठवण यायची. समोर बसलेल्या माणसाची आठवण येते हे सांगायचं तरी कुणाला?

शेवटी न राहवून, बाई आत इस्त्री करत असताना, त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, मोठ्याने बोला. काही ऐकू येत नाहीये."

"आई आत आहे," मास्तर कुजबुजले.

"मग?"

मास्तरांनी तशाच दबक्या आवाजात गुन्हा कबूल केला. पलीकडे मुलगी हसायलाच लागली.

"सगळ्या कापल्या? एकही नाही ठेवली?"

"हसतेस काय? आईचा आवाज पुसला मी."

"नाही हो बाबा. नाव बदललं म्हणून आतलं बदलत नाही. कॉम्प्युटर शेपटी बघून ठरवतो, हे फोटोवाल्याकडे द्यायचं की गाणं लावणाऱ्याकडे. शेपटीच नाही तर तो बिचारा काय करणार? नाव निवडा, एफ-टू दाबा, टिंब द्या, एमपी-थ्री लिहा. चुकीची लावलीत तर उघडणार नाही, एवढंच. मग दुसरी लावून बघा."

मास्तरांनी 'आई सकाळ'ला शेपटी लावली. मग दाबलं, आणि स्पीकरमधून अगदी बारीक आवाजात बाई म्हणाल्या, "चालू झालं का गं? लाल दिवा लागलाय."

मास्तरांच्या जिवात जीव आला. डोळे पुसून ते कामाला लागले. ज्यांच्या नावात आई होती त्यांना एमपी-थ्री, कोट-फ्रॉकना जेपीजी. मधे 'आई बागेत'ला आवाजाची शेपटी लागली, ती गप्प राहिली. जेपीजी लावल्यावर बाई बाकावर बसून शेंगा सोलताना दिसल्या. असं करत करत खाली 'कॉलर' नावाची फाइल आली. कॉलरचा फोटो असणार म्हणून त्यांनी जेपीजी लावलं. उघडेना. पुन्हा लावलं, पुन्हा उघडेना. हा फोटो आपण कधी काढला तेही आठवेना. मग काय होतंय बघू म्हणून त्यांनी एमपी-थ्री लावलं.

एकदम कुणीतरी ओरडलं. आवाज बारीक ठेवलेला असूनही खोली भरली.

"मला कॉलर शिकवतेस? मला?"

हा कोण बोंबलतोय, असं मास्तरांच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांना कळलं की हे आपणच. इतक्या मोठ्याने आपण बोलायचो, हे ते विसरूनच गेले होते.

"शिकवते. बोटभर मोठी आहे. हा कोट घालून तो माणूस उडेल," बाईंचा आवाज म्हणाला.

"तो उडो नाहीतर बुडो. कॉलर अशीच राहणार."

"मग पैसे परत द्यायला तुम्हीच जा."

"जाईन. आणि सांगेन की बायकोने बिघडवला."

मग कातर आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोघं हसायला लागली. आधी बाई, मग मास्तर, मग पुन्हा बाई, खोकला लागेपर्यंत. मुलीचा फोन बहुतेक टेबलावर कापडाखाली होता. बाईंनी तो गुपचूप लावून ठेवलेला, मास्तरांना पत्ताही नव्हता.

मास्तरांनी वर बघितलं तर पडद्याशी बाई उभ्या होत्या. आतली इस्त्री बंद करायचंही त्यांना भान नसावं, जळका वास यायला लागला होता. मास्तर चोरी पकडली गेल्यासारखे उठले, आत जाऊन इस्त्री बंद करून आले. तोवर बाईंनी टेबलावर लिहायला घेतलं होतं.

'तुम्ही झोपलात की दुपारी मी हेच लावते. गेले काही दिवस उघडत नव्हतं. वाटलं तुम्ही पुसलं.'

"मी कशाला पुसू?" मास्तर पुटपुटले.

बाईंनी तळव्याने सगळं पुसलं. मग लिहिलं, 'आवाज माझा गेला. तुमचा कुठे गेला?'

मास्तर त्या अक्षरांकडे बघत राहिले. मान डोलवायचीही आता त्यांना लाज वाटली. इतके महिने ते बायकोला जपत होते, आणि इतके महिने ती या घरात एकटी पडली होती.

बाईंनी ओळ पुसली. टेबलाच्या कडेला मास्तरांनी सकाळीच बेतलेला एक कोट पडला होता. तो त्यांनी पुढे ओढला, बोटाने कॉलर उलटसुलट केली आणि भराभर लिहिलं, 'बोटभर मोठी.'

मास्तरांनी टेप काढून कॉलर मोजली. कॉलर तंतोतंत मापात होती. ते बाईंना कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. डोळे मिटून माप सांगणारी बाई ती. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई हनुवटी वर करून, खडू सरसावून वाट बघत होत्या.

"अजिबात मोठी नाही," मास्तर म्हणाले. आवाज तसाच दबका. त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी रस्त्यापलीकडचा चपला शिवणारासुद्धा मान वर करून बघायला लागला. "मला कॉलर शिकवतेस? मला?"

बाईंचा खडू टेबलावर धावत सुटला होता. एक ओळ झाली, दुसरी झाली, त्या वळून तिसरी लिहायला लागल्या, आणि मास्तर कमरेवर हात ठेवून, खालच्या ओठाला दात लावून, त्यांचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत उभे राहिले.