नववा नियम

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझा पुठ्ठा निळा होता, आता तो कुठल्या रंगाचा आहे हे मलाच सांगता येत नाही. विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गावात, कागदाच्या गिरणीत माझा जन्म झाला. गिरणीतल्या लोवेल ब्रांटने उरलेले कागद शिवून मला हाताने बांधलं, आणि रविवारी चर्चहून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

त्या टेबलावर दर रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. लोवेल गोष्ट सांगायचा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, कुणी योद्धा, कुणी जादूगार. अडलं की फासे टाकायचे. खेळाचं छापील पुस्तक होतं, पण एकच विद्या पक्की शिकलेल्या जादूगारांबद्दल त्यात जेमतेम दोन पानं होती. त्यावरून इतकी भांडणं होत की शेवटी लोवेल म्हणाला, "आपल्या घरात आपले नियम. वहीत लिहायचे, मग कुणी तोंड उघडायचं नाही."

लिहायचं काम आर्डिस न्यूक्विस्टकडे आलं. ती गावच्या वाचनालयात होती, अक्षर मोत्यासारखं. मायावी जादूगाराने स्वतःच्याच मायेवर विश्वास ठेवला तर एक डाव गप्प बसायचं, हा पहिला नियम. प्रेतविद्या शिकलेल्यावर गावोगावची कुत्री भुंकणार आणि कुणी त्याला रात्रीपुरता थारा देणार नाही, हा चौथा. प्रत्येक नियमापाठी आरडाओरडा होता, बिअरमध्ये उकडलेल्या सॉसेजचा वास होता. माझ्या सहाव्या पानावर चीजचा तेलकट डाग आहे. तो एमेट झास्ट्रोचा.

एमेट आणि लोवेल पहिलीपासूनचे दोस्त. एमेट शाळेची बस चालवायचा. त्याचा जादूगार भविष्य जाणणारा होता, टिबॉल्ट नावाचा म्हातारा.

"आग नाही, वीज नाही, साधा फटाका नाही माझ्याकडे," तो एकदा तक्रार करू लागला. "सगळं सोडून भविष्य शिकलो, आणि हा लोवेल काय सांगतो? 'धुकं दिसतंय.' धुकं तर मला खिडकीतूनही दिसतं रे!"

"सगळं आधीच सांगितलं तर गोष्ट काय सांगू, कपाळ?" लोवेल म्हणाला.

तेव्हा आर्डिसने तोड काढली आणि लिहिली. नववा नियम: भविष्यवेत्त्याने एका दिवसात एकच प्रश्न विचारायचा, आणि गोष्ट सांगणाऱ्याने खरं तेच सांगायचं. थट्टा नाही, बगल नाही.

"आता कसा सापडलास!" एमेटने टाळी वाजवली. माझी ती वर्षं सुखाची होती. मला कुणी विचारल्याशिवाय त्या घरात पान हलत नसे.

मग तो जानेवारीतला रविवार आला. तळं काठापासून काठापर्यंत गोठलं होतं. गोष्टीतही बर्फच होतं. एमेट त्या दिवशी फारसा जेवला नव्हता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मला स्वतःकडे ओढलं, नवव्या नियमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तळ्याचं पाणी मोकळं झालेलं टिबॉल्ट बघेल का?"

लोवेलने आपले कागद चाळले. पुढच्या गोष्टीत त्याने एक हिमराक्षस योजला होता, आणि म्हाताऱ्याच्या ताकदीचा आकडा त्याच्यापुढे काहीच नव्हता. नियम म्हणजे नियम.

"नाही," तो म्हणाला. "नाही बघणार."

"हं," एमेट म्हणाला. थोड्या वेळाने पाठ दुखतेय म्हणून तो लवकर घरी गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एमेट वारला. कर्करोग होता, हाडांपर्यंत गेलेला. तळं तेव्हाही गोठलेलंच होतं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. लोवेलने मला कोटाच्या आत धरलं होतं, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. आर्डिस जवळ आली. "लोवेल, मला तुला काही सांगायचंय. एमेट मला…"

"काय सांगणार?" त्याचा आवाज चढला. "तो मला स्वतःबद्दल विचारत होता गं! आणि मी आकडे बघून सांगितलं, नाही! कुणी लिहिला होता तो नियम? थट्टा नाही, बगल नाही! तूच ना?"

सगळे जेवण थांबवून बघू लागले. आर्डिस पांढरीफटक पडली. ती जिना चढून गेली.

तिने दोनदा फोन केला, त्याने ठेवून दिला. पत्र पाठवलं, ते न फोडता परत गेलं. मग तिलाही राग आला. पुढे ती दूर डुलुथ शहरात नोकरीवर गेली. लोवेलने मला एका खोक्यात टाकलं, वर तुकडे जोडायच्या चित्रांचे डबे रचले. रविवारी दुपारी टेबलाशी एकच खुर्ची सरकल्याचा आवाज मला खोक्यात ऐकू यायचा. अशी अकरा वर्षं गेली.

एका उन्हाळ्यात माझ्यावर उजेड पडला. लोवेलचे नातलग घरातलं सामान अंगणात मांडून विकत होते. मला उचललं ते आर्डिसने. ती बहिणीकडे आली होती, रस्त्यावरून जाताना घर ओळखून थांबली होती. लोवेल कुठे आहे, असं तिने विचारलं. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता, तो वृद्धाश्रमात होता.

ती तशीच तिकडे गेली. लोवेल खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. तिने मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि बोलायला लागली. अकरा वर्षांचं साठलेलं एका दमात.

"त्याला ऑक्टोबरपासून माहीत होतं, लोवेल. मी त्याला गाडीने दवाखान्यात न्यायचे. 'लोवेलला सांगू नकोस, टेबलाशी तरी मला कुणी आजारी समजू नये,' म्हणाला. घरी सगळे म्हणायचे, बरा होशील. डॉक्टरही गोल गोल बोलायचे. त्या रविवारी तुझ्याकडून जाताना मी त्याच्याकडे डोकावले, तर मला म्हणाला, 'आज एकजण माझ्याशी सरळ बोलला. किती हलकं वाटतंय.' हसत होता रे तो."

लोवेल तिच्याकडे बघत राहिला. "बरं," तो म्हणाला.

आर्डिसचा चेहरा उजळला. "समजलं ना तुला? खरंच समजलं?"

"बरं."

तेवढ्यात परिचारिका सूप घेऊन आली. लोवेल तिलाही म्हणाला, "बरं." ती हळूच आर्डिसला म्हणाली, "झटक्यानंतर एवढा एकच शब्द राहिलाय हो त्यांच्याकडे. सगळ्याला तेच म्हणतात."

 त्याला कळलं की नाही, हे आर्डिसला कधीच कळलं नाही. पण मी त्याच्या मांडीवर होते. तो डाव्या हाताने मला इतकं घट्ट धरून होता की माझी चार पानं चुरगळली. ती घडी अजून गेलेली नाही. हे तिला सांगायला मला तोंड नाही.

लोवेल नोव्हेंबरात गेला. आता मी डुलुथला, आर्डिसच्या कपाटात असते. ती मला उघडत नाही.

मित्रांनो, वह्या जपा, एवढंच मी सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण कागदाचं काय, तो खोक्यातही टिकतो. तुमचं ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या दारात जाऊन उभे राहा. तो फोन ठेवेल, पत्र परत पाठवेल, तरी जा. तो तुमच्यावर ओरडू शकतो, तोवर जा.