न घासलेला फाळका

"नऊच्या नऊ गाड्यांचं मागचं साफ कर, तुळशीराम. एकच रंग, राखाडी. कोपऱ्यात कंपनीचा स्टिकर लागंल," हिरामणशेठ जीपमधून न उतरताच बोलले.

"आनि लिवलेलं?" बाबांनी विचारलं.

"त्यालाच तर साफ कर बोलतोय. कोनाचं उडियात, कोनाचं पंजाबीत. पार्टी हसते आपल्याला."

माझं डोकं सटकलं. "शेठ, तुमच्याच डायव्हरांनी हौसेनं..."

"प्राप्ती, ब्रश धू," बाबा म्हणाले.

जीप गेली. मी ब्रश आपटला.

वडखळच्या नाक्यावर आमची शेड. तीस वर्षं बाबा ट्रक रंगवतात. मागच्या फाळक्यावर काही लिहायचं असलं की आधी डायव्हरला चहा पाजणार आणि विचारणार, "घरी तुझी आय काय बोलते?" तो त्याच्या भाषेत सांगणार, मोडक्या हिंदीत समजावणार. मग बाबा मांडीवर थाप मारणार, "आरं, आमची म्हातारी पन ह्येच बोलायची! तुमच्याकडं उंट हाय, आमच्याकडं खेकडा, येवढंच!" कधी जुळायचंच नाही. एकाच्या गावात कमी बोलणारा शहाणा, आमच्या म्हातारीच्या लेखी तो आतल्या गाठीचा. दोन चहा संपले तरी दोघं भांडतच. नववीपर्यंत शाळेत मी म्हणींच्या नुसत्या रिकाम्या जागा भरल्या. अशी मजा तिथे असती तर टिकले असते.

दोन दिवसांत आठ गाड्या झाल्या. डायव्हर "चलता है" म्हणाले. नववी गाडी बिरंचीची. त्याच्या फाळक्यावर त्याच्या आईचं बोलणं होतं, उडियात. त्याला वाचता येत नाही. बहिणीने कागदावर लिहून पाठवलेलं, बाबांनी बघून बघून उतरवलेलं. त्यात नदी आहे. बाबांनी तिची खाडी करून मला समजावली होती. मागच्या वर्षी त्याची आई गेली. तेव्हापासून गाडी काढायच्या आधी तो त्या अक्षरांना हात लावतो, मग कपाळाला.

"फोटो काढून ठेव ना," मी म्हटलं.

"फोटो है, बेटा. फोटो को हाथ लगाऊं तो काच लगता है."

बाबांनी माझ्यापुढे पॉलिश पेपर धरला. "घास."

"मी न्हाय घासनार! तुमची अक्षरं, तुम्हीच मारा!"

मी पेपर फेकला. बाबांनी वाकून उचलला. बाबांचा एकच नियम, घासल्याशिवाय रंग नाही. त्यावरून त्यांनी दोन कारागीर हाकललेत.

त्यांनी फाळक्यावरून एकदा हात फिरवला. पेपर घडी करून खिशात घातला, डबा उघडला आणि अक्षरांवर सरळ राखाडी ओढला. एकच हात, पातळ. बिरंचीने तोंड फिरवलं.

"बाबा, न घासता?"

"गप. डबा धर."

दुसऱ्या दिवशी शेठ आले, नऊ गाड्या लांबूनच बघितल्या. "आता कशा एका घरच्या वाटतात," म्हणाले आणि गेले.

बिरंची निघाला. सवयीने हात फाळक्याकडे गेला, अर्ध्यात थांबला, मग टेकला. बोटं हलेनात. मग हळूहळू सरकायला लागली, एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर, पार शेवटापर्यंत. त्याने बाबांकडे बघितलं.

बाबा रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "पावसात पापडी सुटंल. लोक बोलतील, तुळशीरामला रंग लावता येत न्हाय."

बिरंचीने हात कपाळाला लावला आणि केबिनमध्ये चढला.

ट्रक हायवेला लागल्यावर बाबांनी खिशातून पेपर काढला. घडी तशीच होती. माझ्या हातात दिला.

"ठेव. कोरा हाय."