चकव्याला टाळ्या

संथ भाग सुरू झाला की सभागृहात खोकल्याची साथ येते आणि जलद भागात सगळे ठणठणीत बरे होतात, हे ताई गेली कित्येक वर्षं बघत आल्या होत्या. आजही तेच चाललं होतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या शालवाल्या बाई डोळे मिटून मान हलवत होत्या. तालात नाही, तालाच्या आसपास कुठेतरी. मागच्या रांगेतले गृहस्थ बायकोला कुजबुजत्या आवाजात, म्हणजे चार खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगत होते, "आता बघ, आता दुःख येणारे."

ताईंनी मागे वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुःख यायचं थांबलं.

पियानोवर त्यांचा धाकटा भाऊ होता. साऱ्या जगाचा तो 'सर', ताईंचा बाळ्या. पंचाहत्तरी उलटून गेलेला बाळ्या. त्याला पहिले धडे ताईंनीच दिले होते. पुढे तो देशोदेशी वाजवत फिरला आणि ताई घरच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारची मुलं शिकवत राहिल्या. त्याची त्यांना खंत नव्हती. मुलं निदान चुकली की चुकलो म्हणतात. वर नाकही पुसतात.

आज मात्र त्या नुसत्या ऐकायला आल्या नव्हत्या. मागच्या हिवाळ्यात बाळ्या त्यांच्या स्वयंपाकघरात चहा ढवळत बसला होता. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळतच होता.

"ताई, हात थकले तर मला कळेल. डोकं थकलं तर मला कळायचं नाही. ते तू सांगायचंस."

"आणि सांगितल्यावर?"

"बंद. त्याच दिवशी."

"ऐकशील?"

"दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही," तो म्हणाला होता. "आणि दुसरं कुणी सांगणारही नाही."

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला ताई पहिल्या रांगेत कडेला, त्याची बोटं दिसतील अशा खुर्चीत बसत. आजवर सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. आजही मुख्य कार्यक्रम सुखरूप पार पडला. लोक उठून उभे राहिले, 'वन्समोअर'चा गलका झाला, बाळ्या आत जाऊन पुन्हा बाहेर आला आणि त्यानं ते छोटं, संथ गाणं सुरू केलं. ताई ते मुलांना दुसऱ्या वर्षी शिकवतात.

त्या गाण्यात एक खोड आहे. चाल दोनदा येते. पहिल्या वेळी शेवटचं वळण परत सुरुवातीकडे नेतं. दुसऱ्या वेळी त्याच जागी डावा हात एक पायरी खाली उतरतो आणि मग गाणं घरी पोचतं. वरचा हात दोन्ही वेळा अगदी सारखाच. डावा खाली उतरायला विसरला की संपलं, बसा फिरत. मुलांची हटकून तिथेच गाडी अडकते. ताई त्याला चकवा म्हणतात, कारण रानात चकवा लागलेला माणूसही असाच त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा येतो.

बाळ्या वळणापाशी आला आणि परत सुरुवातीला गेला. ठीक. दुसऱ्यांदा आला, पुन्हा सुरुवातीला गेला. ताईंचा पदर मुठीत आवळला गेला. तिसऱ्यांदा त्यानं चाल हळू केली. चाचपडत होता तो, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. चौथ्यांदा आणखी हळू, आणखी मऊ. वळणाच्या अलीकडेच हात थांबले. त्यानं ते उचलून मांडीवर ठेवले. गाणं तसंच अर्ध्यावर लोंबकळत राहिलं.

मग छप्पर उडून जाईल असा कडकडाट. शालवाल्या बाई हुंदके देत होत्या. मागच्या गृहस्थांनी नाक शिंकरलं. कुणी 'वा!' म्हणालं आणि मग 'वा!' म्हणायची चढाओढच लागली. ताईंच्या मनात आलं, हा माणूस आता पियानोवर डोकं टेकून झोपला असता, तरी ह्यांनी त्यात काहीतरी खोल शोधून काढलं असतं.

रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्तमानपत्राचे समीक्षक सगळ्यात पुढे होते. "सर, ते पुन्हा पुन्हा परत येणं! आठवण अशीच येते हो. आणि शेवट न करणं... शेवट नाकारणं!"

"नाकारणं," संयोजकांनी मान डोलावली. "पुढच्या हंगामात प्रत्येक गावात हेच वाजवायचं, सर. अगदी असंच."

बाळ्या हसला. मग गर्दीतून त्याची नजर ताईंना शोधू लागली. सापडल्यावर हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"काय ताई?" त्यानं विचारलं.

"तुला चकवा लागला, बाळ्या."

सगळे खो खो हसले. "ताई म्हणजे ना!" संयोजक म्हणाले.

बाळ्या हसला नाही. त्याचे कान लाल झाले. "मी मुद्दाम केलं ते. ह्या सगळ्यांना कळलं. तुझ्या पुढच्या खोलीत नाही कळायचं."

हे लागलं. पण ताईंनी गिळलं. मागे भिंतीला सरावाचा जुना पियानो होता. त्याचं झाकण त्यांनी उघडलं. "मुद्दाम केलंस ना? मग आता मुद्दाम बाहेर पड. शेवटपर्यंत वाजव एकदा. मी हात जोडीन आणि घरी जाईन."

"खास आपल्यासाठी!" शालवाल्या बाई दारातून चीत्कारल्या.

बाळ्या बसला. पहिली चाल आली, वळण आलं, परत. दुसरं वळण, परत. तिसरं. दारातले डोळे पाणावू लागले होते. बाळ्याच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरली. ती कुणाला दिसली नाही.

ताई त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. वळण जवळ येताच त्यांनी वाकून एकच पट्टी दाबली, एक पायरी खालची. "इकडे," त्या हळूच म्हणाल्या. त्याचा हात त्या सुराच्या मागोमाग उतरला आणि गाणं दोन ओळींत संपलं. सरळ, साधं, जसं ते असतं.

"हे जरा... साधंच वाटलं नाही?" शालवाल्या बाई म्हणाल्या.

"कशाला मध्ये हात घातलात, ताई!" संयोजक वैतागले. "किती सुंदर चाललं होतं."

बाळ्या पट्ट्यांकडे बघत होता. मग त्यानं झाकण लावलं. "पुढच्या हंगामाला मी नाही. आज शेवटचं," तो म्हणाला.

गलका झाला. समीक्षक ताईंकडे बघून शेजाऱ्याच्या कानात बोलले, "घरातलंच माणूस असतं बघा. आयुष्यभराची असूया." तेही चार खुर्च्यांना ऐकू जाईल असंच.

"लिहा," ताई म्हणाल्या. "लिहा, अगदी ठळक अक्षरांत लिहा. आता चला, निघा सगळे." आणि मुलांना हाकलावं तसं त्यांनी एकेकाला बाहेर काढून दार लावून घेतलं.

बाळ्याचे खांदे हलत होते. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कडी काढल्याशिवाय कुणी आत येणार नव्हतं, हे बरं होतं.

दाराबाहेर कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. मग सगळ्यांनीच.

"आता कशाला वाजवताहेत?" बाळ्यानं ओल्या आवाजात विचारलं.

"हात रिकामे आहेत त्यांचे," ताई म्हणाल्या. "तू नाक पूस."