आचऱ्याच्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड

मी एका जुन्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड बोलतोय. मित्रांनो, पडद्यावर जे जे दिसतं ते रंगवणारा मी. आता माझ्या हातून एक रेघही धड उमटत नाही आणि मला कधी भंगारात काढतील याचा नेम नाही. त्याआधी कुणीतरी माझं ऐका हो!

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, साल २००३. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर मला असं डकवलं की पुन्हा सुटणं नाही. पुण्याच्या सुशांतने चार वर्षं माझ्याकडून पत्रं आणि हिशेब दाखवून घेतले. हे काय काम झालं? मग त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि मला कोकणात आचऱ्याला, आपल्या लवूमामाच्या मुलीला, उर्वशीला देऊन टाकलं.

तिथे माझं सोनं झालं. उर्वशी संगणकावर होड्या काढायला शिकत होती. तिने बापाची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं टाकणारी, होडी फळीन् फळी काढली आणि मी ती पडद्यावर गोल फिरवून दाखवली. शेजारची सुगंधाकाकी मासळीची टोपली दारातच टाकून बघायला आली. "अगो बाय, होडी पाण्याबगर फिरता!" ती म्हणाली. त्या दिवशी मी फुगलो, खोटं कशाला बोलू?

उर्वशीला आई नव्हती. २०१० साली जवळच्या मालवणात गंगाराम मेस्त्रींनी होड्यांच्या कारखान्यात नवं वर्कस्टेशन, म्हणजे मोठा ताकदवान संगणक, आणलं आणि त्यावर आराखडे काढायला माणूस हवा म्हणून सांगितलं. ते काम मिळालं तर पोर रोज घरी येणार होती. नाही मिळालं तर मुंबईला मावशीकडे जाऊन नोकरी शोधायची आणि म्हातारा बाप घरात एकटा.

आता माझं दुखणं सांगतो. आचऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. म्हणून लवूमामा इंजिनाला, खिडकीच्या कडीला, सायकलच्या साखळीला खोबरेल लावत. उर्वशी क्लासला गेली की ते मलाही विसरत नसत. लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीतून कापसाच्या बोळ्याने तेलाचे थेंब आत सोडत आणि वरून मायेने हात फिरवत. त्या तेलावर धूळ बसली, धुळीचा चिखल झाला आणि पंखा रुतला. मी आत भाजत होतो. ओरडणार कसा? पडद्यावर आडव्या रेघा मारल्या, दुसरी भाषा मला येत नव्हती.

मेस्त्रींना होडी दाखवायला जायच्या आदल्या दिवशी उर्वशीने जाळी हुंगली आणि बापाला हाक मारली.

"बाबा, ह्येच्यात तेल खंयसून इला?"

"मीच घातलंय गो. इंजिनाक घालतंय तसा. माका वाटला, बरो ऱ्हवतलो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, कारण लवूमामांचा चेहरा मला बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापलेक मला घेऊन मालवणला गेले. मी जीव एकवटला. एकदाच, फक्त एकदाच होडी दाखवू दे, म्हणून मी कुणाकुणाला विनवलं! रेघा आल्या, त्या थरथरल्या आणि पडदा काळा झाला.

"चेडवा, होडी खंय आसा?" मेस्त्रींनी उर्वशीला विचारलं.

लवूमामांनी हात जोडले. "गंगारामभाव, चेडवाचो काय दोष नाय. तेल मी घातलंय."

तेव्हा कारखान्यातला किरण पुढे झाला. "कार्ड गेला. पण डिस्क बरी असतली. काढून हंय लावया."

त्याने आमच्या पोटातली, उर्वशीची होडी साठवलेली डिस्क काढून वर्कस्टेशनला जोडली. तिथल्या कार्डाचं काय वर्णन करू? माझं अख्खं अंग त्याच्या पंख्याखाली झाकलं गेलं असतं. स्मरणशक्ती माझ्या कितीतरी पट. बिघडलं तर उपसून दुसरं बसवायची सोय. मला होडी फिरवायला धाप लागायची, त्याने ती सहज फिरवली, वर लाकडाचे रेषे आणि पाण्यातली सावलीही दाखवली. मला हेवा वाटला. आणि तरी मी मनात म्हणत होतो, फिरव रे बाबा, थांबू नकोस.

मेस्त्रींनी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निरखून पाहिलं. "बरोबर काढलंस. सोमवारपासून ये."

लवूमामा तिथेच रडले. मी मात्र डिस्कवाचून तिथेच, कारखान्याच्या कोपऱ्यातल्या फळीवर पडून राहिलो.

मित्रांनो, मला कुणी आपटलं नाही, फेकलं नाही. माझ्यावर माया करणाऱ्या हातानेच माझा श्वास कोंडला आणि त्या हातावर मला रागही धरता येत नाही. आपल्या माणसाला, जनावराला, यंत्राला काही देण्याआधी त्याला काय सोसतं ते विचारा हो!

सोमवारी उर्वशी आली. खुर्चीवर बसण्याआधी तिने त्या नव्या कार्डाच्या जाळीवर हात ठेवला आणि विचारलं, "किरणदादा, ह्येका काय चलता, काय चलना नाय, ता आधी सांग."

फळीवरून मी ते ऐकलं. माझ्या सात वर्षांत हे माझ्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.