रेवडी-बत्ताशाचं कच्चं

उमाबाईला कुत्री आवडत नाहीत, हे अख्ख्या घाटनांदुराला माहीत होतं. म्हणून तिच्या मांडीवर दोन पिलं लोळताना दिसायला लागली, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा जरा वाढलीच.

झालं असं, की शेजारचे आप्पा पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांबरोबर शिकारीला गेले आणि त्यांच्या कुत्रीला रानडुकरानं फाडलं. मागं दोन पिलं राहिली, नुकते डोळे उघडलेली. आप्पांची म्हैस आटलेली आणि उमाबाईची शेळी दुधाला उदंड. मग आप्पांची बायको छबुबाई पाटीत पिलं घालून थेट उमाबाईच्या दारात उभी राहिली. उमाबाईनं आधी नाक मुरडलं, मग शेळी पिळली. बोळ्यानं दूध पाजता पाजता तिनं पिलांची नावंही ठेवून टाकली. वाण्याचं घर, नावंही दुकानातलीच: बत्तासा आणि रेवडी.

"तुला कुत्री आवडत न्हाईत ना?" बसवराजनं बायकोला चिडवलं.

"ही कुत्री कुठं हायेत? लेकरं हायेत," असं म्हणून तिनं रेवडीला पदरात घेतलं.

पिलं दुडूदुडू पळायला लागली, उमाबाईच्या पायाच्या बोटांना चावायला लागली. एका सकाळी छबुबाईनं भिंतीवरून डोकावून त्यांचे दात पाहिले. "उमाक्का, आता नुसत्या दुधावर भागायचं न्हाई बघा. कच्चं चालू करा. पर ताजं द्या, अन् थोडं थोडं." एवढं बोलून बाई शेताकडे चालती झाली.

आता छबुबाईच्या घरी कुत्र्याचं कच्चं म्हणजे खाटकाकडचं. त्यांची शिकारी कुत्री पिढ्यान् पिढ्या त्यावरच पोसलेली, तेव्हा यात फोड करून सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. उमाबाई मात्र लिंगायत, गळ्यात लिंग. शेजारी मटण शिजलं की ती भिंतीकडची खिडकी धाडकन लावून घ्यायची. तिच्या घरात कच्चं म्हणजे जंगमस्वामींच्या झोळीत पडणारा शिधा: पीठ, डाळ, गूळ.

कुत्र्यांना शिधा! उमाबाईला छबुबाईचं भारी कौतुक वाटलं. ताजं द्या म्हणाली म्हणून तिनं भल्या पहाटे जात्यावर पीठ दळलं. भिजवलेली डाळ, वर गूळ, तुपाची धार, आणि सगळं कच्चंच मळून पिलांपुढं ठेवलं. थोडं थोडं म्हणाली होती ते खरं, पण माया करणाऱ्या बाईचा हात कधी आखडतो का? पिलांनी वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

दुपारी दोघांची पोटं नगाऱ्यासारखी टम्म. बत्तासा कण्हत होता. रेवडीनं तर मानच टाकली. हाक मारली तरी शेपूट हलेना. रेवडीला उचलून ती परसातल्या पडक्या भिंतीवरून अनवाणीच छबुबाईच्या अंगणात उतरली.

"छबुबाई, लेकरू गेलं ओ माझं! तुमीच सांगितलंत कच्चं द्या म्हणून!"

"काय दिलं?"

"पीठ, डाळ, गूळ."

छबुबाईला हसू फुटलं होतं, पण रेवडीच्या पोटाला हात लावला आणि ते तोंडातच विरलं. "अवो, कच्चं पीठ पोटात फुगतंय! आज दोघांच्याबी तोंडाला काही लावू नका. कोमट पाणी तेवढं द्या घोट घोट."

दोघी दिवस मावळेपर्यंत त्या अंगणात पिलांच्या पोटावरून हात फिरवत बसल्या. एकीनं हात थांबवला की दुसरी तिला रागवायची. शेवटी रेवडी धडपडत उठली, चार पावलं गेली आणि तुळशीच्या कट्ट्याला लागूनच तिनं भलीमोठी घाण केली. उमाबाईला इतका आनंद झाला की तिनं छबुबाईला मिठी मारली. शिवाशिवीचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

मग खऱ्या कच्च्याची गोष्ट निघाली, आणि उमाबाईनं कानांवर हात ठेवले. पण छबुबाई सोडते कसली! त्याच सकाळी कापलेलं बोकडाचं मटण बारीक खिमा करून द्यायचं, मीठ-मिरची न लावता. पहिल्यांदा बोराएवढं, पचलं तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. उरलं तर उन्हात ठेवायचं नाही, फेकायचं. वाडगं आणि हात राखेनं घासायचे. "शिजलेलं हाडूक तर अजिबात न्हाई. सुईवानी फुटतंय, आतडं फाडतंय," ती बजावून म्हणाली. हे सगळं ती स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं करणार होती. उमाबाईला कशालाच शिवायचं नव्हतं.

पण उमाबाई जवळ नसली की पिलं खायचीच नाहीत. तिच्या दाराकडे तोंड करून रडायची. शेवटी ती रोज मागच्या वाटेनं यायची, नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि म्हणायची, "खा गं रेवडे, खा." वाडगं भरलं की छबुबाई ओरडायची, "चला, कच्चं!" मग घरी जाऊन उमाबाई डोक्यावरून पाणी घ्यायची. बायको आताशा इतक्यांदा न्हाते कावून, हे बसवराजनं कधी विचारलं नाही.

एका सोमवारी जंगमस्वामी दारी आले. दुकानात गिऱ्हाइकं दाटलेली. बसवराजनं आत हाक दिली, "अगं, स्वामी आलेत! कच्चं आण!"

आतून रेवडी सुटली. एके काळी मान टाकून पडलेली रेवडी बाणासारखी आली आणि तिनं झोळीत तोंड खुपसलं. मागं बत्तासा. स्वामींनी झोळी वर धरली. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

उमाबाई पिठाचं सूप घेऊन उंबऱ्यात उभी. लोकांपुढं काहीही थाप मारता आली असती तिला. पण उड्या मारणाऱ्या त्या रेवडीकडे बघून तिनं खरंच सांगून टाकलं.

"स्वामी, यांचं कच्चं येगळं असतंय. छबुबाईच्या अंगणात. मी सोता बसून खाऊ घालते."

स्वामींनी खाली वाकून रेवडीचं पोट चाचपलं.

"मग हितं कावून थांबलीस, बाई?" ते म्हणाले. "लेकरं भुकेली हायेत की."

उमाबाईनं सूप झोळीत रिकामं केलं आणि पिलांना घेऊन ती छबुबाईकडे निघाली, सगळ्यांच्या देखत, पुढच्या दारानं.